कंबरेखालची छोटी ऑपरेशन्स: कोणत्या केसला कोणती 'अर्धी भूल'

एका सकाळची यादी घ्या: फिशर (गुदद्वाराची चीर), हायड्रोसील (अंडकोशात साठलेलं पाणी), घोट्यातला जुना स्क्रू काढणे, मधुमेही पायाचं काळं पडलेलं बोट. नाशिक शहरात असो की सिन्नर-निफाडला, छोट्या नर्सिंग होमच्या बोर्डावर ही चार नावं एकाखाली एक दिसणं रोजचं आहे. पुष्कळदा चौघांपुढे शब्दही एकच असतो, स्पायनल, म्हणजे मणक्यात सुईने दिलेली, कंबरेखाली बधिर करणारी भूल, आणि डोसही ठरलेला: तीन सीसी हेवी, म्हणजे जड केलेलं बुपिव्हाकेन. चारही ऑपरेशन्स त्यात होतात, यात वाद नाही. पण वीस मिनिटांच्या फिशरवाल्याचे पाय दुपारपर्यंत हलत नाहीत आणि रात्री लघवी तुंबून नळी घालावी लागते. बोट काढायला आलेल्या आजोबांचं हृदय आधीच थकलेलं. त्यांचं बीपी कारण नसताना ८०वर येतं.

म्हणून इथे तुलना मांडली आहे. ती भूलशास्त्राच्या निवासी डॉक्टरांसाठी, तालुक्याला एकट्याने यादी चालवणाऱ्या भूलतज्ज्ञांसाठी आणि ओटीतल्या सिस्टर-टेक्निशियनसाठी आहे. पेशंटने वाचलं तर चांगलंच, प्रश्न नीट विचारता येतील. सुई मात्र शिकलेल्या हातातच हवी, आणि बेशुद्ध करून श्वासनळीत नळी घालायची तयारी शेजारी असल्याशिवाय यातलं काहीही सुरू करायचं नाही.

आधी ऑपरेशनकडून उलटं मोजा

औषध भरण्याआधी तीन गोष्टी ठरवा. काप कुठे आहे, आतली ओढ कुठपर्यंत जाते आणि टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, कुठे बांधणार. मग सर्जनला लागणारा खरा वेळ. त्याने सांगितलेला नव्हे, घड्याळाने दाखवलेला. आणि शेवटी, पेशंट घरी कधी आणि कशाने जाणार.

पहिल्यातच बहुतेक चुका होतात. मणक्यातून निघणाऱ्या नसांना (मज्जातंतूंना) वरून खाली क्रमांक असतात: टी छातीच्या, एल कमरेच्या, एस त्रिकास्थीच्या. गुदद्वाराच्या आसपासची जागा एस-२ ते एस-५ या नसांची. जांघेची घडी एल-१, बेंबी टी-१०, छातीच्या हाडाचं खालचं टोक टी-६. आता हायड्रोसील पाहा. काप अंडकोशाच्या कातडीवर, म्हणून वाटतं खालची भूल पुरेल. पण वृषण पोटातून खाली उतरलेलं असतं आणि त्याच्या नसा टी-१०च्या आसपासच्या. खाली बधिर करून सर्जनने कॉर्ड, म्हणजे वृषणाची दोरी, ओढली की पेशंट म्हणतो, "पोटात कळ येतेय," आणि पाठोपाठ ओकारी. म्हणजे हायड्रोसीलला टी-१० हवंच. जांघेच्या हर्नियात पोटाचं अस्तर ओढलं जातं, तिथे टी-८ ते टी-६ गाठलेलं बरं. उलट फिशर, मूळव्याध, साधा भगंदर यांना एस-२च्या वर काहीही लागत नाही. पायाच्या बोटाला तर मणक्यापर्यंत जायचंच कारण नाही.

टूर्निकेचं गणित वेगळं. पायाच्या पंजावर काम असलं तरी पट्टा मांडीला बांधला तर भूल मांडीची हवी. पाऊण तास-तासाभरात पट्ट्याखालची बोचरी कळ सुरू होते आणि ती फेंटानिलने दबत नाही. सर्जनशी हे आदल्या दिवशी बोला. पट्टा पोटरीवर किंवा घोट्यावर आला तर निम्मा प्रश्न सुटतो.

आदल्या दिवशी विचारायच्या गोष्टी

उपाशीपोटी म्हणजे काय, हे शब्दश: सांगा. जेवण बंद सहा तास, तेलकट-तर्रीदार असेल तर आठ, साधं पाणी दोन तासांपर्यंत चालतं. "नुसता चहा घेतला" हे उत्तर नाशिकमध्ये रोज ऐकू येतं. दुधाचा चहा हा खाण्यातच धरायचा, सहा तास. सकाळी मिसळ खाऊन 'अर्धीच तर भूल आहे' म्हणत आलेल्याची केस पुढे ढकला, कारण अर्धी भूल फसली तर पूर्ण द्यावी लागते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, असं विचारून भागत नाही. गोळ्यांची पाकिटं पिशवीसकट मागवा. कोलेस्टेरॉलची म्हणून घेतली जाणारी एकच कॅप्सूल ॲटोर्व्हास्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी तिन्ही मिळून असू शकते. नुसतं ॲस्पिरिन स्पायनलला आड येत नाही. क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस बंद हवं. पण हृदयात स्टेंट असेल तर ते बंद करण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा, तुमचा किंवा सर्जनचा नाही. वॉरफरिन असेल तर सुमारे ५ दिवस बंद आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) १.४च्या आत. एनोक्सापारिनचा प्रतिबंधक डोस असेल तर १२ तास, उपचाराचा असेल तर २४ तास थांबा. रिव्हारोक्साबान-ॲपिक्साबान ७२ तास. गोळी बंद करता येत नसेल तर घोट्याचा ब्लॉक, म्हणजे घोट्याभोवतीच्या नसा बधिर करणं, हा हक्काचा पर्याय आहे: तिथे रक्त आलंच तर बोटाने दाबून थांबवता येतं. मणक्याच्या आत तसं दाबता येत नाही, हा दोन पद्धतींमधला सगळ्यात मोठा फरक.

मधुमेही पेशंटच्या पायाची संवेदना आधीच तपासून केसपेपरवर लिहा. तळव्याला मुंग्या आधीपासून होत्या हे लिहिलेलं नसेल तर त्या नंतर ब्लॉकच्या नावावर जमा होतात.

स्पायनल: तीच सुई, वेगवेगळे डोस

मोठ्या माणसात पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू साधारण एल-१–एल-२ला संपतो. दोन्ही कमरेची हाडं जोडणारी रेषा एल-४वरून जाते, पण जाड पेशंटमध्ये बोटांना ती वाटते त्याहून वर सापडते. म्हणून शंका आली तर एक मणका खाली जा, वर कधी नाही. जागा एल-३–एल-४ किंवा एल-४–एल-५.

कातडी स्पिरिटमधल्या ०.५ टक्के क्लोरहेक्सिडीनने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. त्याची वाटी स्पायनलच्या ट्रेवर ठेवूच नका. हे द्रव मज्जातंतूंना घातक आहे, सुईच्या टोकाला लागून आत जाता कामा नये.

सुई २५ किंवा २७ गेज, शक्यतो पेन्सिलच्या टोकाची, म्हणजे व्हिटॅकर. साध्या क्विंकी सुईपेक्षा महाग पडते, पण नंतरची डोकेदुखी बरीच कमी करते. तरुण पेशंटमध्ये, विशेषत: बायकांमध्ये, हा खर्च वाचवू नये. क्विंकीच वापरायची असेल तर तिची धार पाठीच्या उभ्या तंतूंना समांतर ठेवा. २७ची सुई वाकते, म्हणून इंट्रोड्यूसरमधूनच (आधी घालायची जाड, आखूड सुई) घाला.

पेन्सिल सुईत एक बारकावा आहे. तिचं भोक टोकाला नसून थोडं मागे, बाजूला असतं. पाणी (मज्जारज्जूभोवतीचा द्रव) दिसलं म्हणजे भोकाचा पुढचा काठ आत गेलाय एवढंच कळतं. मागचा काठ अजून बाहेर असू शकतो. पाणी दिसल्यावर सुई आणखी अर्धा-एक मिलिमीटर पुढे सरकवा. डाव्या हाताची मागची बाजू पेशंटच्या पाठीला टेकवून, अंगठा आणि तर्जनीने सुईचा हब (मागचं टोक) धरून ठेवा, मग सिरिंज लावा. लावताना सुई मागे सरकणं हे फसलेल्या स्पायनलचं नेहमीचं कारण. सुरुवातीला आणि संपताना असं दोनदा ओढून पाणी येतंय का पाहा. निम्मं औषध बाहेर गेलं तर भूल लागते, पण ठिगळाठिगळाने.

औषध ०.५ टक्के हेवी बुपिव्हाकेन. चार मिलिच्या अँप्यूलमध्ये २० मिलिग्रॅम असतं, पूर्ण अँप्यूल कोणालाच लागत नाही. हर्नियाला २.५ ते ३ मिलि, हायड्रोसीलला २ ते २.४ मिलि. त्यात फेंटानिल २० ते २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळपास अर्धा मिलि, टाकलं की ओढ कमी जाणवते आणि बुपिव्हाकेन थोडं कमी करता येतं; बदल्यात पेशंटला अंगाला खाज सुटते, ती आधी सांगून ठेवा. फेंटानिल एक मिलिच्या सिरिंजनेच मोजा. पाच मिलिच्या सिरिंजवर अर्धा मिलि म्हणजे अंदाजपंचे.

अँप्यूल मोठ्याने वाचून घ्या. भरणाऱ्याने वाचायचं आणि देणाऱ्यानेही. काचेच्या एकसारख्या दिसणाऱ्या अँप्यूलमुळे बुपिव्हाकेनऐवजी रक्तस्राव थांबवणारं ट्रानेक्झामिक ॲसिड मणक्यात गेल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यात झटके येतात, हृदयाची लय बिघडते आणि पेशंट दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये यासाठी खास इशारा दिला. उपाय बिनखर्चाचा आहे: ट्रानेक्झामिक ॲसिड भुलेच्या ट्रॉलीवर ठेवायचंच नाही, दुसऱ्या कपाटात, लाल चिठ्ठी लावून. आणि लिग्नोकेनची मोठी बाटली, जिच्यात टिकवणारं रसायन असतं, तिच्यातला थेंबही मणक्यात जाता कामा नये.

हेवी औषध ग्लुकोजमुळे मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड असतं आणि उताराकडे वाहतं. पेशंट उताणा झोपला की कमरेचा बाक उंच राहतो आणि पाठीची टी-५–टी-६ची जागा खोलगट. औषध तिकडे घसरतं. भूल वर चढत नसेल तर टेबल थोडं डोक्याकडे झुकवता येतं, पण दोन मिनिटं, नजर ठेवून. टेबल झुकवून दुसरं काम करायला वळलात की भूल मानेपर्यंत गेलीच समजा.

तपासणी स्पिरिटच्या बोळ्याने. आधी खांद्यावर लावून "गार लागतंय?" विचारा, मग मांडी, जांघ, बेंबी. गारवा आधी जातो, टोचणं नंतर, स्पर्श सगळ्यात शेवटी. "काहीतरी लावल्यासारखं वाटतंय" हे तक्रार म्हणून धरू नका; ते राहणारच, आणि पेशंटला तसं आधीच सांगा.

सॅडल: गुदद्वाराच्या कामांना एवढंच पुरे

सॅडल म्हणजे खोगिराला टेकते तेवढीच जागा बधिर करणारी स्पायनल. फिशर, मूळव्याध, साध्या भगंदराला स्पायनलची सुई तीच, औषध फक्त १ ते १.२ मिलि हेवी, म्हणजे ५ ते ६ मिलिग्रॅम. एल-४–एल-५मध्ये, बसवून, सावकाश. मग पेशंटला पाच ते दहा मिनिटं बसवूनच ठेवा. या मिनिटांत ओटीत सगळ्यांनाच घाई सुटते: सिस्टरला पाय स्टँडवर घ्यायचे असतात, सर्जन हात धुऊन उभा असतो. सॅडल फसते ती सुईमुळे कमी आणि या घाईमुळे जास्त. दोन मिनिटांत आडवा केलात तर ते थोडंसं औषध पसरतं आणि कुठेच धड लागत नाही. घड्याळ समोर लावा.

पालथं घेऊन कंबर उंच करायची पद्धत असेल तर दहा मिनिटं पूर्ण होईपर्यंत टेबल मधोमध वाकवू नका, नाहीतर औषध डोक्याकडे वाहतं.

बीपी फारसं पडत नाही, पाय बऱ्यापैकी हलतात, पेशंट स्वत: खाटेवर सरकतो. बीपी पडत नाही म्हणून सलाईनही कमी द्या, ५०० मिलिच्या आतच. फिशर-मूळव्याधीच्या पेशंटला बाटल्यांवर बाटल्या चढवणं हेच रात्रीच्या कॅथेटरचं मोठं कारण: मूत्राशय भरतो आणि त्याच्या नसा, एस-२ ते एस-४, अजून झोपलेल्या असतात.

मर्यादा दोन. वर पसरलेला किचकट भगंदर किंवा आत बोट घालून बराच वेळ ओढाओढ होणार असेल तर सॅडल अपुरी पडते. आणि एस-२ ते एस-५ सोडून काहीही करायचं निघालं, उदाहरणार्थ "हातासरशी हायड्रोसीलही करू", तर ती त्या भुलेत होणार नाही. हे हातासरशी सुचणारं काम नेमकं सॅडल लागल्यावर सुचतं.

एकाच पायाची स्पायनल, आणि लवकर उतरणारी

गुडघ्याची दुर्बीण किंवा एका पायातली प्लेट काढायला १.२ ते १.५ मिलि हेवी, ऑपरेशनची बाजू खाली ठेवून कुशीवर, मिनिटभर लावून सावकाश द्यायचं आणि दहा-पंधरा मिनिटं त्याच कुशीवर ठेवायचं. बीपी स्थिर राहतं, दुसरा पाय मोकळा राहतो. मांडीच्या पट्ट्यालाही चालते. ताजं फ्रॅक्चर असेल तर पेशंट त्या कुशीवर झोपूच शकत नाही, तिथे आग्रह सोडा. भरलेल्या यादीत पंधरा मिनिटं थांबायला कोणी तयार नसतं, हीच या पद्धतीची खरी अडचण.

पाऊण तासाच्या आतलं काम असेल तर मणक्यासाठीचं १ टक्का क्लोरोप्रोकेन ४० ते ५० मिलिग्रॅम हा चांगला पर्याय. बुपिव्हाकेनपेक्षा कितीतरी लवकर उतरतं, लघवी लवकर होते, संध्याकाळच्या आत घरी जाता येतं. पण सर्जनचा पाऊण तास खरोखर पाऊण तासाचाच हवा. जुनी प्लेट हाडाने गिळलेली निघाली, स्क्रूचं डोकं झिजलेलं निघालं, की दीड तास लागतो. अशा केसला हे औषध निवडू नका. पूर्वीचं ५ टक्के हेवी लिग्नोकेनही लवकर उतरायचं, पण नंतर दोन-तीन दिवस कुल्ले आणि मांड्या ठणकायच्या. म्हणून ते मागे पडलं आणि ते योग्यच झालं.

घोट्याचा ब्लॉक: कमी वापरला जाणारा, सगळ्यात सोसवणारा

सातपूर-अंबडच्या कारखान्यात चेंगरलेलं बोट, मधुमेही पायाची सफाई, बोट काढणं, तळव्यातला काटा-काच: या सगळ्याला हा ब्लॉक पुरतो. बीपीला धक्का लागत नाही, पेशंट जेवणाच्या वेळेला जेवतो, हृदय-किडनी दोन्ही नाजूक असलेल्या पेशंटला यासारखं दुसरं नाही. अल्ट्रासाऊंड असेल तर उत्तम. नसला तरी होतो.

नसा पाच. चार मांडीमागच्या मोठ्या सायाटिक नसेच्या, पाचवी सॅफेनस मांडीपुढच्या फेमोरलची. एकूण औषध १६ ते २० मिलि, ०.५ टक्के रोपिव्हाकेन. ॲड्रेनलिन मिसळू नका, मधुमेही पायात तर अजिबात नाही.

सुरुवात पोस्टेरियर टिबियलने करा, कारण ती सगळ्यात जाड आणि तिला लागायला वेळ लागतो. आतल्या घोट्याच्या मागे बोट ठेवा, धमनीचा ठोका शोधा. ठोक्याच्या लगेच मागे, टाचेकडे, सुई हाडापर्यंत न्या, दोन मिलिमीटर मागे घ्या, ओढून रक्त येत नाही हे पाहा आणि ५ मिलि द्या. तळव्यात मुंग्या आल्या तर तिथेच औषध ढकलू नका, थोडं मागे या. पूर्ण तळवा या एका नसेवर आहे. ही चुकली तर बाकी चार लागूनही ऑपरेशन होत नाही.

मग डीप पेरोनियल: पेशंटला अंगठा वर उचलायला सांगा, घोट्यासमोर जाड दोर उठतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला धमनीचा ठोका लागतो, ठोक्याच्या बाहेरून हाडापर्यंत, ३ मिलि. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्याची ही नस.

उरलेल्या तिघी कातडीखालीच असतात. डीप पेरोनियलच्याच जागेवरून सुई कातडीखालून बाहेरच्या घोट्याकडे नेत ४ मिलिची पट्टी उठवली की सुपरफिशियल पेरोनियल झाली. तिथूनच उलट, आतल्या घोट्याच्या पुढच्या अंगाने ३ मिलि: सॅफेनस. शेवटी बाहेरचा घोटा आणि टाचेचा दोर यांच्यामध्ये ४ मिलि: सुरल. कातडी फुगलेली दिसली पाहिजे. फुगली नाही तर औषध खोल गेलंय.

आता वीस मिनिटं थांबा. दहा मिनिटांनी तळवा टोचून "लागलाच नाही" म्हणणं ही नेहमीची चूक. यादीत आधीची केस चालू असतानाच, मॉनिटर लावून, बाहेरच्या खोलीत ब्लॉक देऊन ठेवला तर हा वेळ कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

घोट्याजवळच सूज, लाली किंवा पू चढलेला असेल तर इथे सुई घालू नका. संसर्ग पसरतो, शिवाय पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि औषध नसेत शिरतच नाही. कितीही भरलं तरी पेशंट ओरडतो. मग वर जा, गुडघ्यामागे. फक्त एक बोट असेल तर पाचही नसा कशाला? बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी साधं २ टक्के लिग्नोकेन, मिळून ३-४ मिलि, झालं.

गुडघ्यामागचा ब्लॉक

घोट्यातला स्क्रू-प्लेट काढणे, टाचेवरचं काम, वरपर्यंत सुजलेला पाय. पॉप्लिटियल सायाटिक २० मिलि आणि सोबत मांडीच्या खालच्या भागात ॲडक्टर कॅनालमध्ये सॅफेनससाठी ५ ते १० मिलि. सॅफेनस विसरलात तर आतल्या घोट्यावरचा काप दुखणार, हमखास. सायाटिक गुडघ्यामागच्या घडीच्या काही सेंटिमीटर वर दोन फांद्यांत फुटते. अल्ट्रासाऊंडवर पेशंटला पंजा वर-खाली करायला लावा, दोन्ही फांद्या झोपाळ्यासारख्या हलताना दिसतात. जिथे त्या फुटायला लागतात तिथे, दोघींच्या सामाईक आवरणाच्या आत औषध दिलं की लवकर लागतं. लागायला अर्धा तास धरा. पोटरीवरचा पट्टा चालतो, मांडीवरचा नाही.

नर्व्ह स्टिम्युलेटरने करत असाल तर पंजाची हालचाल ०.३ ते ०.५ मिलिॲम्पिअरला दिसली पाहिजे. जुन्या मधुमेहात मात्र नस वायरिंग जुनं झाल्यासारखी असते. जास्त करंट देऊनच पंजा हलतो. करंट कमी करत हलणारा पंजा शोधत सुई पुढे दामटू नका, ती नसेत घुसलेली असेल. अशा पेशंटमध्ये ब्लॉक टिकतोही जास्त, म्हणून औषध कमीच घ्या.

एपिड्युरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिलेली भूल) छोट्या कामासाठी करू नका: अठराची जाड सुई, पंधरा-वीस मिनिटांची वाट आणि त्रिकास्थीच्या नसा नेमक्या हुकण्याची शक्यता. कॉडल (माकडहाडाजवळून दिलेली भूल) लहान मुलांसाठी, सुंता-हर्नियाला, पूर्ण भुलेखाली, ०.२५ टक्के बुपिव्हाकेन खालच्या कामाला अर्धा मिलि आणि जांघेच्या कामाला एक मिलि दर किलोला. मोठ्या माणसांत त्या जागेची हाडं फसवतात. बारीक पेशंटचा साधा हर्निया नुसत्या जागेवरच्या इंजेक्शननेही होतो, पण त्यासाठी सर्जनचा हात हलका लागतो. ओढून-ताणून काम करणाऱ्याबरोबर हा प्रयोग नको.

औषधाचा हिशेब

कातडीखाली भरायचं म्हटलं की हात सैल सुटतो, म्हणून आधी आकडा काढा. पेशंट ५० किलोचा. साधं लिग्नोकेन दर किलोला ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे २२५. २ टक्क्यांच्या एका मिलित २० मिलिग्रॅम, म्हणजे ११ मिलि, संपलं. बुपिव्हाकेन २ मिलिग्रॅमने १००, म्हणजे ०.५ टक्क्याचं २० मिलि. दोन्ही मिसळली तर मर्यादाही निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. दोन औषधं म्हणून दोन पूर्ण मर्यादा मिळत नाहीत. ब्लॉक अपुरा पडल्यावर सर्जन जे वरून भरतो, तेही याच खात्यात धरा.

जीभ जड होणं, तोंडाला धातूची चव, कानात शिट्टी, उगाच बडबड: औषध रक्तात गेल्याची ही सुरुवात. तिथेच थांबा, ऑक्सिजन, झटक्याला मिडाझोलाम, आणि २० टक्के लिपिड इमल्शन दर किलोला १.५ मिलि दोन-तीन मिनिटांत, मग मिनिटाला ०.२५ मिलि दर किलो. ५० किलोला पहिला डोस ७५ मिलि. ही बाटली ब्लॉक देणाऱ्या प्रत्येक ओटीत हवी. फार्मसीतून आणायला माणूस धाडायची ही वेळ नसते. हृदय थांबलं तर ॲड्रेनलिन नेहमीच्या मापाने न देता दर किलोला १ मायक्रोग्रॅमच्या आत द्या.

बिघडतं ते कुठे

स्पायनलनंतर पहिली वीस मिनिटं दर दोन-तीन मिनिटांनी बीपी. पेशंट जांभया द्यायला लागला किंवा "मळमळतंय" म्हणाला की यंत्राची वाट न बघता ते पडलेलं बीपी समजा. बीपी चढवणारं मेफेन्टरमिन ३ ते ६ मिलिग्रॅम. बाटलीवरची ताकद वाचून, ३० मिलिग्रॅम दहा मिलित करून ठेवलेलं असावं. नाडी ५०च्या खाली आणि बीपीही खाली असेल तर ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम, ऐकलं नाही तर ॲड्रेनलिनला उशीर करू नका. तरुण, धडधाकट, आधीच नाडी मंद असलेल्या मुलांत हे अचानक होतं.

भूल फार वर गेली का, हे बोटांवरून कळतं. "माझी बोटं घट्ट दाबा" म्हणा. पकड ढिली झाली आणि आवाज बारीक झाला तर श्वासाची तयारी करा.

वीस मिनिटांनीही काहीच लागलं नसेल तर स्पायनल एकदा परत देता येते. अर्धवट लागलेली असेल तर पूर्ण डोस पुन्हा देऊ नका. दोन्ही मिळून मान गाठतात. तिथे पूर्ण भूल द्या.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी ओटीत शिरते आणि स्पायनलच्या पेशंटला हुडहुडी भरते. ईसीजी-बीपी दोन्ही वाचता येत नाही. सलाईन कोमट करून घ्या, ब्लँकेट सुरुवातीपासून घाला. तरी थांबली नाही तर ट्रॅमाडॉल २५ मिलिग्रॅम अगदी सावकाश.

उशी काढून चोवीस तास सपाट झोपवण्याची पद्धत अजून सगळीकडे आहे. त्याने डोकेदुखी टळत नाही, मान मात्र आखडते. ती टळते बारीक, पेन्सिल टोकाच्या सुईने. बसलं की दुखणारं आणि आडवं झालं की थांबणारं डोकं ही तिची खूण, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. भरपूर पाणी, पॅरासिटामॉल, चहा-कॉफी. उठताच येत नसेल तर एपिड्युरल ब्लड पॅच, पेशंटचंच १५ ते २० मिलि रक्त. ताप, मान आखडणं किंवा आडवं पडूनही न थांबणारं दुखणं असेल तर ते वेगळं काही आहे, लगेच बोलवा.

घरी पाठवताना

सॅडल किंवा स्पायनलच्या पेशंटला उठवण्याआधी गुदद्वाराजवळची टोचणी परत जाणवते का, गुडघा उचलतो का, हे पाहा. पहिल्यांदा उभं करताना दोन माणसं हवीत. लघवी झाल्याशिवाय पेठ-सुरगाण्याच्या घाटरस्त्याला लावू नका. रात्री अकराला लघवी तुंबलेला पेशंट तिथून परत नाशिकला आणणं काय असतं, ते नातेवाइकांना विचारा. लांबच्या गावचा असेल तर एक रात्र ठेवा किंवा लवकर उतरणारं औषध निवडा.

पॉप्लिटियल ब्लॉकचा पाय बारा ते सोळा तास लोंबता आणि बधिर राहतो. कुबड्या हातात देऊन, दोन पावलं चालवून मगच सोडा. मोटरसायकलवर मागे बसून जाणार असेल तर नको म्हणा. बधिर पाय सायलेन्सरला टेकला तरी कळत नाही आणि कातडी भाजून निघते. थंडीत शेकोटीजवळ पाय पसरायचा नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. दुखण्याची गोळी भूल उतरण्याआधी, झोपताना घ्यायची, नाहीतर पहाटे तीनला ब्लॉक एकदम सुटतो आणि फोन तुम्हालाच येतो. चोवीस तासांनंतरही पाय हलत नसेल, बधिरपणा उलट वाढत असेल, किंवा स्पायनलनंतर पाठीत जोराची कळ येऊन पाय पुन्हा जड होत असतील, तर सकाळची वाट पाहायची नाही. हे शेवटचं वाक्य डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा, आणि खाली जो फोन रात्री खरंच उचलला जातो त्याचा नंबर.